इंटिरियर नेमकं कधी सुरू होतं?

१. झोपाळ्याची कडी

नोकरीसाठी बंगळुरूला आलेली मराठी कुटुंबं व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, कनकपुरा रोड अशा भागांत फ्लॅट घेतात. चावी हातात आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा: इमारत तर आर्किटेक्टने केलेलीच आहे, मग आता इंटिरियर डिझायनर कशाला? आणि नेमायचाच असेल, तर त्याचं काम सुरू कुठून होतं? याचं रूढ उत्तर ठरलेलं आहे. सांगाडा, भिंती, दारं-खिडक्या आर्किटेक्टच्या. फर्निचर, दिवे, रंग, पडदे इंटिरियरवाल्याचे. बिल्डर बाहेर पडला की सुतार आत येतो. हे उत्तर सगळ्यांना इतकं पटलेलं आहे की त्याच्या आधारावर या शहरात एक मोठा व्यवसाय उभा राहिला. लिव्हस्पेस आणि होमलेन या दोन कंपन्या २०१४ साली बंगळुरूतच सुरू झाल्या आणि तयार फ्लॅटचं आतलं काम करून देणं हाच त्यांचा धंदा आहे. माझं म्हणणं असं, की या उत्तरात रेघ चुकीच्या जागी मारली गेली आहे. घराच्या आतलं बरंचसं काम चावी मिळण्याच्या खूप आधी, काँक्रीट ओतलं जातं त्या दिवशीच ठरून जातं. ते कुणी विचार करून ठरवलं, की कुणीच न ठरवता ठरून गेलं, एवढाच काय तो फरक असतो.

झोपाळ्याचं उदाहरण घेऊ. इंटिरियरच्या यादीत झोपाळा फर्निचरच्या रकान्यात जातो. फळी सागवानी घ्यायची की शिसवी, साखळ्या पितळी की लोखंडी, गादीला कापड कुठलं, याच्यावर चर्चा होते. पण झोपाळा टांगला जातो स्लॅबला. त्यावर दोन मोठी माणसं बसली की १४० किलो झाले. फळी आणि साखळ्यांचे ६० धरले की २००. हे वजन झोपाळा स्थिर असतानाचं. झोका मधल्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत जाऊ लागला, की खाली येताना साखळ्यांवरची ओढ सव्वापटीच्या थोडी वर जाते, म्हणजे जवळजवळ २५५ किलो. ती चारही कड्यांत सारखी वाटली जाईलच असं नाही आणि प्रत्येक झोक्याला तिची दिशाही बदलते. सव्वादोन मीटर लांबीच्या झोपाळ्याला जाऊन यायला साधारण ३ सेकंद लागतात. रोज दहा मिनिटं कुणी बसलं तर २०० झोके होतात, वर्षाला ७३ हजार. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांच्या जाळीत अडकवून तारेने बांधलेला आकडा हे सगळं निमूट सोसतो, कारण त्याच्यावरची ओढ जाळीभर पसरते. नंतर ड्रिल मारून बसवलेल्या अँकरची सगळी भिस्त भोवतालच्या काही इंच काँक्रीटवर असते. योग्य मापाचा अँकर जाणत्या माणसाने बसवला तर तोही टिकतो. मात्र काही मोठ्या टॉवरमध्ये स्लॅबच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. त्या तारांचा नकाशा पाहिल्याशिवाय छताला भोक पाडणं धोक्याचं असतं. बांधकाम चालू असताना हे सगळं काम एका वाकवलेल्या सळईत भागलं असतं.

फळी इंटिरियरवाल्याने आणली तरी कडीची जागा बांधकामाच्या वेळी ठरायला हवी होती. आणि त्या वेळी तिथे झोपाळ्याबद्दल बोलणारं कुणीच नव्हतं.

२. खांबातच नक्षी होती तेव्हा

आर्किटेक्चर आणि इंटिरियर हे दोन वेगळे विषय आहेत ही कल्पना फार जुनी नाही. बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याजवळ, कृष्णराजेंद्र मार्केटपासून जवळच टिपू सुलतानचा उन्हाळी महाल आहे. हैदर अलीने सुरू केलेलं हे बांधकाम १७९१ मध्ये टिपूने पुरं केलं. दुमजली इमारत, बहुतेक सगळी सागवानाची. खांब दगडी बैठकीवर उभे आहेत, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. तेच खांब कोरलेले, घडवलेले आहेत आणि भिंतींवर फुलापानांची रंगीत चित्रं आहेत. यात सांगाडा कुठे संपला आणि सजावट कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. खांब काढला तर मजला खाली येईल. तोच खांब दालनाचं सौंदर्यही आहे. सुतार एकच होता, आणि भार पेलायचं काम व डोळ्यांना सुखवायचं काम त्याला एकाच लाकडातून करायचं होतं.

पुण्याचे वाडे बांधणारे हाच हिशेब पाळत. वाड्याची मोजणीच खणांत व्हायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि माडी तीन खणी की पाच खणी हे एकदा सांगितलं की तुळया किती लागतील, खोली केवढी होईल आणि बैठक कशी मांडता येईल, हे सगळं एका दमात कळायचं. इंजिनिअरचं माप आणि राहणाऱ्याचं माप एकच होतं. जुन्या म्हैसूर प्रांतातल्या तोट्टी मने, म्हणजे मधे चौक असलेल्या घरांतही असंच. चौकातून उजेड येतो, पावसाचं पाणी येतं, वारा खेळतो. आणि बसायचं कुठे, धान्य निवडायचं कुठे हेही चौकाच्या कडेनेच ठरतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बंगळुरूतही ही एकजीवता टिकून होती. १८९८ च्या प्लेगनंतर दाट पेठेबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती आखल्या गेल्या. तिथल्या आणि कँटोन्मेंटमधल्या जुन्या घरांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झडप दिसते. इथे तिला मंकी टॉप म्हणतात. ती बाहेरून शोभेची वाटते. पण बंगळुरूला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि परतीचाही. या झडपेमुळे पावसातही खिडकी उघडी ठेवता येते आणि खिडकीलगतची खुर्ची कोरडी राहते. म्हणजे बाहेरच्या भिंतीवरची एक लाकडी टोपी आतली मांडणी ठरवत होती. जुन्या बंगल्यांचं मद्रास टेरेस छतही तसंच: लाकडी वाश्यांवर तिरप्या ओळींत उभ्या लावलेल्या विटा आणि चुना. खोलीत पलंगावर पडून वर पाहिलं की जे दिसतं तेच छप्पर पेलून धरत असतं. त्याच्याखाली दुसरं छत लावायची गरज कुणाला वाटली नाही.

पण सगळ्यांत बोलकी आहे ती लाल जमीन. कोकणात आपण लाल कोबा करतो, तसाच बंगळुरूच्या जुन्या घरांत रेड ऑक्साइडचा कोबा असे. खालचा थर बसला की त्यावर सिमेंट, बारीक वाळू आणि लाल रंगाची पूड यांचा पातळ थर द्यायचा आणि तो आवळायच्या आत थापीने घोटत जायचं. मधे थांबलं तर सांधा दिसतो, म्हणून खोली शक्यतो एका बैठकीत उरकायची. मग काही दिवस पाणी धरून ठेवायचं आणि शेवटी तेल किंवा मेण लावून घासायचं. जमीन भिंतीला मिळते तिथे गवंडी बोटाने किंवा बाटलीने गोलाई काढतो. कोपरा उरत नाही आणि झाडूला कचरा सापडतो. पायाखाली गार, दिसायला आरशासारखी, आणि वर्षागणिक चकाकी वाढणारी ही जमीन बांधकाम म्हणायची की सजावट? करणारा गवंडी तर एकच होता.

मग ही फाळणी झाली कधी? माझ्या मते सौंदर्यशास्त्रात तिचं कारण शोधून उपयोग नाही, ते घर विकण्याच्या पद्धतीत आहे. घर बांधून घेणारा माणूस समोर होता तोवर त्याचा पलंग, त्याचं देवघर, त्याच्या आईचे गुडघे हे सगळं गवंड्याला ठाऊक असायचं. फ्लॅट बांधला जातो तो अनोळखी माणसासाठी. कोण राहणार हे माहीत नसल्यामुळे आर्किटेक्ट सगळ्यांना चालेल अशी रिकामी खोली आखतो, बिल्डर ती चौरस फुटांवर विकतो, आणि राहणारा माणूस चित्रात येतो तेव्हा भिंती सुकलेल्या असतात. त्या सुकलेल्या भिंतींच्या आतली तडजोड करून देणं हा मग एक स्वतंत्र व्यवसाय होतो. आपल्याकडचा कायदाही या फाळणीच्या एकाच बाजूला उभा आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणी केलेल्यांपुरती राखून ठेवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की कायद्याने उपाधी राखली आहे, काम नव्हे. इंटिरियर डिझायनर या नावाला तर असं कायद्याचं कुंपणच नाही.

३. फर्निचरच्या घरातून आलेला आर्किटेक्ट

‘थ्री इडियट्स’ चित्रपटातलं कॉलेज आठवतं? करड्या दगडाच्या भिंती, लांबच लांब व्हरांडे, वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरणारं ऊन. ती इमारत बंगळुरूच्या बन्नेरघट्टा रोडवरची भारतीय व्यवस्थापन संस्था, आयआयएम. तिचा आराखडा बाळकृष्ण दोशींचा. १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या दोशींच्या घरात दोन पिढ्या फर्निचरचा व्यवसाय होता. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करायला गेले, परतल्यावर अहमदाबादला स्थिरावले, आणि २०१८ साली वास्तुकलेतला सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. लाकूड आणि माणसाचं शरीर यांचं नातं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं, ही गोष्ट मला त्यांच्या इमारतींकडे पाहताना महत्त्वाची वाटते. खुर्ची घडवणाऱ्याला बसणाऱ्याच्या मांडीची लांबी आधी विचारावी लागते. दोशी तोच प्रश्न इमारतीला विचारत.

आयआयएमच्या कामाला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली आणि पुढे कितीतरी वर्षं ते चालू राहिलं. नमुना म्हणून दोशींनी फत्तेपूर सिक्रीचे चौक आणि दालनांची गुंफण डोळ्यासमोर ठेवली होती. वर्ग, ग्रंथालय, कार्यालयं यांना जोडणारे व्हरांडे हा तिथला खरा गाभा आहे. काही ठिकाणी ते तीन मजले उंच होतात, काही ठिकाणी वर काँक्रीटच्या पट्ट्यांची जाळी, काही ठिकाणी उघडं आभाळ. रुंदी बदलत राहते. अरुंद जागी माणूस चालतो, रुंद जागी आपोआप थांबतो, बोलतो, कठड्यावर टेकतो. व्यवस्थापनाचं शिक्षण जितकं वर्गात होतं तितकंच वर्गाबाहेरच्या गप्पांत होतं, अशी त्यांची धारणा होती आणि त्या गप्पांसाठी त्यांनी बांधकामातच जागा केली.

आता या व्हरांड्याचं इंटिरियर कुठलं? सोफा नाही, दिव्यांची आरास नाही, भिंतीला रंगही नाही. ग्रॅनाइट स्थानिक आहे आणि तो जसा घडवला तसाच उघडा ठेवलेला आहे. तरीही तिथे वावरणाऱ्याला आपण रिकाम्या सांगाड्यात आहोत असं वाटत नाही. सजावटीचं काम ऊन करतं. जाळीची सावली सकाळी एका भिंतीवर असते, दुपारी जमिनीवर येते, संध्याकाळी दुसऱ्या भिंतीवर चढते. बसायची सोय पायऱ्या आणि कट्ट्यांनी केली आहे. जी गोष्ट इतरत्र बाजारातून आणून ठेवावी लागली असती ती इथे भिंतीच्या जाडीत, पायरीच्या उंचीत आणि छताच्या भोकात आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर असलेल्या बंगळुरूच्या हवेत अर्धवट उघडा व्हरांडा वर्षातले बहुतेक दिवस सुखाचा असतो, आणि हे गृहीत धरूनच आराखडा झाला. हीच इमारत नागपूरला तशीच उचलून नेली तर मे महिन्यात तिथे कुणी थांबणार नाही. आतली मांडणी हवामानापर्यंत कशी जाऊन भिडते ते इथे दिसतं.

याच शहरात कोरमंगला भागात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आपल्या कुटुंबासाठी घर बांधलं, तेही मधल्या उघड्या चौकाभोवती. खोल्यांना उजेड आणि वारा चौकाकडून मिळतो, त्यामुळे प्रत्येक खोलीची उजळ बाजू आधीच ठरते आणि तिथे बैठक कुठे हे वेगळं ठरवावं लागत नाही.

उलट दिशेचा, म्हणजे आतून बाहेर गेलेला दाखला जर्मनीतला आहे. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या स्वस्त घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. स्वयंपाक करणारी बाई किती पावलं चालते, हात कुठवर पोचतो, उजेड कुठून हवा, याचा त्यांनी आधी अभ्यास केला आणि मग भिंतींची मापं घेतली: सुमारे १.९ मीटर गुणिले ३.४ मीटर. अशी जवळजवळ १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं हे मूळ. गंमत अशी, की मूळ कल्पनेत ओटा आणि भिंत एकत्र जन्माला आले होते. आज आपण फक्त कपाटं विकत घेतो आणि ती दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच हिशेबाने बांधलेल्या भिंतीत कोंबून बसवतो.

४. काय हलतं आणि काय हलत नाही

इथे एक वजनदार आक्षेप येतो. इमारत साठ-सत्तर वर्षं टिकते, स्वयंपाकघर पंधरा, पडदे पाच. ज्यांची आयुष्यं इतकी वेगळी त्यांना एकत्र बांधायचं कशाला? वेगळं ठेवलं तर एक बदलताना दुसऱ्याला धक्का लागणार नाही. हा विचार पोरकट नाही. ब्रिटिश आर्किटेक्ट फ्रँक डफी यांनी इमारतीकडे वेगवेगळ्या आयुष्याचे थर म्हणून पाहिलं, आणि स्ट्युअर्ट ब्रँड यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात ते थर सहा केले: जागा, सांगाडा, बाहेरचं कवच, नळ-वायर अशा सोयी, आतली खोल्यांची वाटणी आणि शेवटी सामानसुमान. यादीतला आधीचा थर संथ, नंतरचा चपळ. संथ थराने चपळ थराला अडवू नये, हे त्यांचं सांगणं.

मला हे तंतोतंत मान्य आहे, आणि म्हणूनच आजच्या पद्धतीबद्दल तक्रार आहे. आजच्या फ्लॅटमध्ये थर वेगळे राहिलेले नाहीत, ते एकमेकांत गोठले आहेत. बंगळुरूतल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मिवान शटरिंग वापरतात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्याने होतं, गिलाव्याची फारशी गरज उरत नाही, भिंत सरळसोट येते. पण ही प्रत्येक भिंत सांगाड्याचा भाग असते. विजेच्या नळ्या साच्यातच बसवून टाकलेल्या असतात. बैठकीची खोली आणि लहान बेडरूम यांच्यामधली भिंत काढून हॉल मोठा करावा, हा विटांच्या घरात रास्त असलेला विचार इथे इमारतीच्या जिवावर उठणारा आहे. साधं स्विचबोर्ड दोन फूट सरकवायचं तरी भिंतीत खाच मारता येत नाही. वरून पट्टी फिरवावी लागते. पलंग कोणत्या भिंतीला लागणार हे साचे उभे करताना ठरलं, आणि ठरवणारा होता वीजकामाचा आराखडा काढणारा माणूस. पलंगाच्या उशाशी प्लग नसेल तर पलंग फिरतो, पलंग फिरला की कपाट अडतं, कपाट अडलं की खिडकी अर्धी झाकते.

वजनाचाही हिशेब करून पाहू, कारण तो सहसा कुणी करत नाही. बिल्डरने दिलेली फरशी आवडली नाही म्हणून ती न उखडता तिच्यावरच ग्रॅनाइट बसवायचा बेत ठरतो. खाली ५ सेंटिमीटर मसाला आणि वर १८ मिलिमीटर ग्रॅनाइट धरला, तर एका चौरस मीटरवर मसाल्याचे साधारण १०५ आणि दगडाचे ४८, मिळून दीडशेच्या वर किलो चढतात. १२ बाय १० फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. तिच्यावर जवळजवळ १,७०० किलोंचं जास्तीचं ओझं कायमचं बसलं. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीत माणसं, फर्निचर, सामान या सगळ्यांसाठी चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास भार धरतात. त्यातला पाऊण वाटा एका फरशीने खाल्ला. स्लॅब लगेच कोसळेल असं अजिबात नाही, सुरक्षिततेसाठी जादा ताकद राखलेली असते. पण ती राखीव ताकद भूकंपासारख्या वेळेसाठी आणि बांधकामातल्या उणिवांसाठी असते, दगडाच्या चकाकीसाठी नव्हे. इंजिनिअरला आधी सांगितलं असतं तर काही मिलिमीटरच्या फरकाने प्रश्न सुटला असता.

उंचीचं गणितही असंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी आणि छताच्या पंख्याचा सगळ्यांत खालचा भाग जमिनीपासून २.४ मीटरच्या खाली येता कामा नये. दोन्ही आकडे नीट बसतात. मधे ३५ सेंटिमीटर उरतात आणि पंख्याला वरून हवा ओढायला जागा मिळते. आता त्यात १५ सेंटिमीटरचं फॉल्स सीलिंग लावलं की उरले २०. पंखा छताला चिकटतो, हवा नीट फेकत नाही, खोली कोंदट वाटते आणि पुढच्याच उन्हाळ्यात एसी येतो. ज्या शहरात कालपरवापर्यंत पुष्कळ घरांत पंखाही नव्हता, तिथे एसीची गरज काही प्रमाणात तरी आपण छतातूनच निर्माण केली आहे.

५. मग सगळं एकाच्याच हातात द्यायचं का?

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट्या बाजूने येतो. आतबाहेर सगळं एकच आहे म्हणाल, तर आर्किटेक्ट तुमच्या चमच्यापर्यंत येऊन पोचेल. व्हिएन्नाच्या अ‍ॅडॉल्फ लूस या आर्किटेक्टने १९०० साली एका श्रीमंत माणसाची गोष्ट लिहिली. त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू आर्किटेक्टने ठरवून दिलेली असते, आणि वाढदिवसाला मिळालेल्या भेटी ठेवायलाही त्याला स्वतःच्या घरात जागा उरत नाही. ही भीती खरी आहे. ज्या घरात नातवाने काढलेलं चित्र लावायची चोरी, ते घर कितीही देखणं असो, राहायला जड जातं. म्हणून दोन व्यवसाय वेगळे असावेत, हे मी मान्यच करतो. कापडाचा, उजेडाच्या रंगाचा, कपाटाच्या बिजागरीचा अभ्यास करणारा माणूस वेगळा हवा. आर्किटेक्टला हे सगळं येतं असं समजणं इंटिरियर डिझायनरवर अन्याय आहे.

पण वेगळं असणं आणि एकामागून एक येणं यांत फरक आहे. पुरण शिजवणारी आणि कणीक तिंबणारी दोघी वेगळ्या असू शकतात. मात्र पुरण किती सैल झालंय हे कणीक तिंबणारीला आधी कळायला हवं, नाहीतर पोळी तव्यावर फुटते. आर्किटेक्टने इंटिरियरवाल्याला काय करायचं हे सांगू नये. त्याने विचारावं. पाण्याची जोडणी कुठे लागेल, जड वस्तू कुठे येईल, टांगायचं काय आहे, उजेड कुठल्या बाजूने हवा: एवढ्या चार गोष्टी सळई बांधायच्या आधी ठरल्या, तर पुढच्या शंभर गोष्टी राहणाऱ्याच्या मर्जीवर खुशाल सोडता येतात.

तिसरा आक्षेप बिल्डर घेतात आणि तो व्यवहाराचा आहे: गिऱ्हाईकच ठाऊक नाही तर विचारायचं कुणाला? याचं उत्तर डच आर्किटेक्ट जॉन हाब्राकन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं. सामायिक सांगाडा आणि राहणाऱ्याने भरायचा आतला भाग यांची हद्द आराखड्यातच पक्की करा. सांगाडा असा उभारा की आतल्या भिंती, नळ, वायरी नंतर मोकळेपणी मांडता येतील. आपल्याकडे याच जातीचा प्रयोग नवी मुंबईत झाला. कोरियांनी सिडकोसाठी बेलापूरला १९८० च्या दशकात बांधलेल्या वसाहतीत घरं लहान आणि शेजाऱ्याशी भिंत न जोडता उभी केली, म्हणजे पैसा येईल तसं प्रत्येकाला वाढवता यावं. लोकांनी ती वाढवली. काहींनी मूळचं सगळं पाडून मजले चढवले आणि वसाहतीचं पहिलं रूप बऱ्याच ठिकाणी हरवलं, यावरून कुणी प्रयोग फसला म्हणतात. मला तसं वाटत नाही. अनोळखी राहणाऱ्यासाठी जागा राखता येते, एवढं त्या वसाहतीने दाखवून दिलं. राखलेली जागा लोकांनी कशी वापरली हा त्यांचा हक्क होता. टॉवरमध्ये हे इतक्या मोकळेपणाने जमणार नाही. तरी कॉलम आणि बीमचा सांगाडा ठेवून आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या करणं, ओल्या खोल्या म्हणजे न्हाणीघर-स्वयंपाकघर एका रेषेत ठेवणं आणि स्लॅबमध्ये चार-दोन आकडे सोडून देणं, यासाठी गिऱ्हाइकाचं नाव माहीत असावं लागत नाही.

६. नकाशावर आधी पलंग

आता राहिला घर घेणाऱ्याचा भाग. इमारत बांधकामात असताना फ्लॅट घेतला असेल तर इंटिरियर डिझायनरला पझेशनची वाट पाहायला लावू नये. त्याची पहिली भेट नकाशावर व्हावी. नकाशा मोठा छापून घ्यावा आणि त्यावर आपलं खरं सामान मापाने काढावं: ६ फूट बाय साडेसहा फूट पलंग, त्याच्या दोन्ही बाजूंना चालायला दोन-दोन फूट, कपाटाचं दार उघडायला तेवढीच जागा. १० बाय ११ च्या खोलीत पलंगाच्या ६ फुटांना बाजूचे ४ मिळवले की दहा फुटांची बाजू तिथेच संपते. त्या दोन भिंतींना आता कपाट लागत नाही. दुसऱ्या बाजूला पलंगाचे साडेसहा गेले की साडेचार फूट राहतात. त्यात दोन फूट खोलीचं कपाट बसतं आणि समोर अडीच फूट उरतात, म्हणजे कपाट पायथ्याच्याच भिंतीला जातं. खिडकी नेमकी त्याच भिंतीत असेल तर हे संकट कागदावर दोन मिनिटांत दिसतं, घरात ते सुतार आल्यावर दिसतं. विटा-ब्लॉकच्या भिंती अजून व्हायच्या असतील, तर या टप्प्यावर प्लग, पाण्याचे पॉइंट आणि एखादं दार सरकवून देण्याची विनंती मान्य होऊ शकते. मिवानची इमारत असेल तर ही संधी तुमचा मजला ओतला जाण्यापूर्वीच संपते, म्हणून बुकिंगच्या वेळीच भिंती कशाच्या आहेत हे विचारावं.

तयार घर घेणाऱ्यांनी कागदपत्रांवर भर द्यावा. २०१६ च्या रेरा कायद्याने खरेदीदाराला मंजूर नकाशे आणि बांधकामाचा तपशील मागण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि ताबा मिळाल्यानंतर इमारतीचे आवश्यक नकाशे व कागदपत्रं मिळण्याचाही. याच कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत सांगाड्यातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. मधल्या काळात आपण सांगाड्याच्या भिंतीत खाच मारलेली असेल तर दोष कुणाचा हा वाद सुरू होतो. तेव्हा कुठली भिंत भार पेलते, स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा आहेत का, न्हाणीघराचा ओल रोखणारा थर किती खोल आहे आणि विजेच्या नळ्या कुठून गेल्या आहेत, या चार गोष्टींचे कागद हातात आल्याशिवाय सुताराला, फरशीवाल्याला किंवा पीओपीवाल्याला पहिलं भोक पाडू देऊ नये.